सात तारीख उलटली की

भोसरी, चाकण, तळवडे या पट्ट्यात पगार थकणं ही बातमी नसते. मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारी मधली युनिटं, त्यांचं जॉबवर्क करणारी पत्र्याची शेडं आणि या सगळ्यांना माणसं पुरवणारे ठेकेदार, अशी ही उतरंड आहे. वरच्याचं बिल अडकलं की खालच्याचा पगार अडकतो. सगळ्यात खाली जो असतो, त्याला मात्र घरभाडं, किराणा आणि मुलांची फी अडकवून ठेवता येत नाही.

मी अशाच एका युनिटमध्ये पॅकिंगला होते. आमच्या लाइनीवरच्या बायकांचा पगार थकला, तो आम्ही अर्ज करून, तारखांना हजर राहून मिळवला आणि तेव्हापासून मी कामगार संघटनेच्या ऑफिसात बसते. संध्याकाळी शिफ्ट सुटली की लोक येतात. कुणी पिशवीतून कागद काढतो, कुणाकडे एकही कागद नसतो. त्यांच्याबरोबर कामगार कार्यालयाच्या बाकांवर बसून जे कळलं, ते इथे लिहिते आहे. पगार अडकलेल्या माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान वाट पाहण्यात होतं, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकते.

१. सात तारखेच्या आत पगार द्यावाच लागतो

ऑफिसात येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना हे ठाऊक नसतं. पगार हा मालकाच्या मर्जीचा भाग आहे असंच त्यांच्या मनात बसलेलं असतं, म्हणून ते बोलतानाही ‘साहेबांनी जमेल तसं द्यावं’ असं बोलतात. हे ऐकताना जीव तुटतो.

१९३६च्या वेतन प्रदान कायद्यात हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत आणि त्याहून मोठ्या ठिकाणी दहा तारखेच्या आत पगार देण्याची सक्ती होती. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्या कायद्याच्या जागी वेतन संहिता, २०१९ लागू झाली. तिच्यात मासिक पगारासाठी सात तारीख आहे, कामगार कितीही असोत. रोजंदारीवाल्याला पाळी संपताना पैसे मिळाले पाहिजेत, आठवड्याच्या पगारवाल्याला सुट्टीच्या आधीच्या कामाच्या दिवशी. पार्टीकडून पेमेंट आलं नाही, ऑडिट चालू आहे, साहेब बाहेरगावी आहेत, यांतलं एकही कारण कायद्यात बसत नाही. माल विकला गेला की नाही, याच्याशी पॅकिंगवालीच्या पगाराचा संबंध नाही. तिने पॅकिंग केलं, तिथे तिचा हक्क पूर्ण झाला.

नोकरी सोडली, काढून टाकलं किंवा कंपनी बंद झाली, तर दोन कामाच्या दिवसांत राहिलेला पगार द्यायचा असतो. ‘फुल अँड फायनल’ला दीड-दोन महिने लागतात असं सगळीकडे सांगितलं जातं. ती कंपन्यांनी स्वतःच पाडलेली रीत आहे. ग्रॅच्युइटीची मुदत वेगळी, ती देय झाल्यापासून तीस दिवसांची. पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल तर दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आणि दिवसाचा दर काढताना महिन्याच्या पगाराला २६ने भागायचं. हा हिशेब घरीच करून ठेवावा.

आणखी एक. जुन्या कायद्यात महिना २४,००० रुपयांच्या वर पगार असलेल्यांना जागा नव्हती. हिंजवडीच्या छोट्या कंपन्यांतली शिकलेली मुलं आमच्याकडे यायची आणि पगाराचा आकडा ऐकून आम्हालाच वाईट वाटायचं, कारण त्यांना नोटीस आणि दिवाणी दावा यांखेरीज फारसं काही सुचवता येत नसे. नव्या संहितेत ही मर्यादा नाही. सुपरवायझर, मॅनेजर, क्लार्क, टेक्निशियन, सगळेच ‘कर्मचारी’ या व्याख्येत येतात. ‘कामगार ऑफिस आपल्यासाठी नसतं’ हा त्यांचा समज आता त्यांनी सोडावा.

२. तोंडी मागितलेला पगार मागितला असं धरलंच जात नाही

आठ तारीख उजाडली की अर्ज लिहावा. साध्या कागदावर, मराठीत. कुठल्या महिन्याचा पगार, किती दिवस काम केलं, दर काय, किती रक्कम येणं आहे आणि तारीख. भाषेत राग नको, विनवणीही नको. दोन प्रती कराव्यात आणि एका प्रतीवर पोच घ्यावी. ऑफिसात पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवावा. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलं तर ते फोडू नये, तसंच फाइलला लावावं. नाकारलेलं पाकीट सुनावणीत फार उपयोगी पडतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी केली असेल आणि समोरून ‘दोन दिवसांत करतो’ असं उत्तर आलं असेल, तर तो मेसेज जपावा. ते उत्तर म्हणजे मालकाने थकबाकी मान्य केल्याचा पुरावा आहे. फोन बदलायचा असेल तर बदला, पण आधी चॅट उतरवून घ्या आणि कुणाकडे तरी पाठवून ठेवा.

अर्ज शक्यतो सगळ्यांनी मिळून करावा. एकट्याच्या अर्जावर मालक माणसाकडे बघतो, बारा जणांच्या अर्जावर त्याला मागणीकडे बघावं लागतं.

३. घरातल्या कॅलेंडरलाही पुरावा म्हणून किंमत असते

एका मोल्डिंग ऑपरेटरच्या ठेकेदाराने सरळ सांगितलं की हा माणूस आमच्याकडे कधी कामाला नव्हताच. ओळखपत्र काढून घेतलेलं, पगार रोखीत, स्लिप कधी दिलेली नाही. पुढच्या तारखेला त्याची बायको ‘कालनिर्णय’ची गुंडाळी घेऊन आली. दुधाच्या हिशेबाशेजारी, तारखेच्या प्रत्येक चौकोनात तिने पेनाने ‘दि’ किंवा ‘रा’ लिहून ठेवलं होतं. रात्रपाळी असली की तिला संध्याकाळी डबा करावा लागायचा, म्हणून ही तिची स्वतःसाठीची खूण. डबल ड्युटी झाली त्या चौकोनात दोन्ही अक्षरं. आम्ही कंपनीच्या गेटवरच्या नोंदवह्या मागवून घ्यायला लावल्या. त्या सापडलेल्या महिन्यांतल्या नोंदी कॅलेंडरशी जुळल्या, रात्रपाळ्यांसकट. ठेकेदाराच्या माणसाने त्यानंतर ‘कामाला नव्हता’ हे वाक्य पुन्हा उच्चारलं नाही, तो रकमेवर घासाघीस करायला लागला.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, रोजची हजेरी कुठेतरी लिहा. पॉकेट डायरी, कॅलेंडर, मुलाच्या वहीचं मागचं पान, काहीही चालेल, पण त्या त्या दिवशीच लिहा. नंतर बसून एका पेनाने महिनाभराचं लिहिलेलं लगेच ओळखू येतं. त्याच्या जोडीला गेटपास, ईएसआयसी कार्ड, पीएफचं पासबुक, बँकेतल्या जुन्या पगाराच्या एन्ट्र्या, शिफ्ट कळवण्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, कॅन्टीनची कुपनं, आपल्या सहीने सुटलेली डिलिव्हरी चलनं. एका लोडरचा रोजगार आम्ही फक्त चलनांवरच्या सह्यांवरून दाखवून दिला होता.

कायद्याची बाजू इथे कामगाराच्या मदतीची आहे. संहितेत स्पष्ट म्हटलं आहे की पगार दिला नाही किंवा कमी दिला असा दावा आला, तर पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. म्हणजे आपण तिथे काम करत होतो आणि दर अमुक होता एवढं उभं केलं की चेंडू त्याच्याकडे जातो. तो मस्टर घेऊन येतो. ते मस्टर शांतपणे, पान उलटून पाहावं. अंगठा उठवणाऱ्या एका मावशींच्या नावापुढे झोकदार इंग्रजी सही मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. सहा महिन्यांच्या सगळ्या सह्या एकाच शाईच्या, एकाच बैठकीत मारलेल्या, हेही पाहिलं आहे. हे दावा ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्यांच्या लक्षात आपण आणून द्यायचं, त्यांनी स्वतःहून पाहावं याची वाट बघायची नाही.

४. ‘येणे नाही’च्या कागदावर सही करू नका, केली असेल तरी घाबरू नका

‘माझे कंपनीकडे काही येणे नाही’ अशा छापील कागदावर सही करून घेऊन अर्धा पगार हातात टेकवायचा, हा प्रकार रोजचा आहे. घरात पैशांची नड असते, माणूस सही करतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. संहितेने दिलेल्या रकमेवरचा हक्क सोडून देणारा कुठलाही करार रद्दबातल ठरतो, असं संहितेतच लिहिलेलं आहे. तरीही सही करताना शक्य असेल तर सहीखाली ‘रु. इतके मिळाले, बाकी येणे आहे’ असं लिहून तारीख टाकावी. आणि कागदाचा फोटो काढून घ्यावा.

५. ठेकेदार पळतो, गेट जागेवरच असतं

आमच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त प्रकरणं ठेकेदाराची. ठेकेदाराचा फोन लागत नाही, त्याचं ऑफिस म्हणजे कुठल्यातरी सोसायटीतली एक खोली, तीही सोडलेली. कंपनीचा एचआर म्हणतो, तुम्ही आमचे नव्हेतच. कामगार दोघांच्या मध्ये चेंडूसारखा टोलवला जातो.

१९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यात या प्रश्नाचं उत्तर होतं. ठेकेदाराने पगार दिला नाही तर ज्याच्याकडे प्रत्यक्ष काम चालू आहे त्या मूळ मालकाने तो द्यायचा आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचा. इतकंच नाही, ठेकेदार पगार वाटत असताना मूळ मालकाच्या माणसाने तिथे हजर राहायचं, असंही त्या कायद्यात होतं. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२०मध्ये मूळ मालकाची ही जबाबदारी पुढे चालू आहे. वेतन संहितेतही तरतूद आहे की नेमणूक करणाऱ्याने पैसे दिले नाहीत, तर ज्या आस्थापनेत काम केलं तिच्या मालकाला ते द्यावे लागतात.

म्हणून अर्जात नेहमी दोघांची नावं घालायची. ठेकेदार पहिला, कंपनी दुसरी. नुसतं ठेकेदाराचं नाव घालून आलेली माणसं नंतर हातात आदेश घेऊन रिकाम्या खोलीसमोर उभी राहतात. कंपनीचं नाव असलं की चित्र पालटतं, कारण ठेकेदाराचं शेवटचं बिल बहुतेक वेळा कंपनीकडेच अडकलेलं असतं. आपला अर्ज वेळेवर पोचला तर कंपनी ते बिल रोखून धरते. इथे दिवस मोजावे लागतात. बिल सुटल्यानंतर पोचलेल्या अर्जाला तीच कंपनी फार थंड उत्तर देते.

महाराष्ट्राने या दुखण्यावर एक वेगळाच इलाज फार पूर्वी काढून दाखवला आहे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९चा माथाडी कायदा आला. नोंदणीकृत हमालाची मजुरी मालक थेट त्याच्या हातात देत नाही, माथाडी मंडळाकडे भरतो आणि मंडळ ती वाटतं. १९८१च्या कायद्याने खासगी सुरक्षारक्षकांसाठीही मंडळं झाली. पगार आणि मालकाची मर्जी यांच्या मध्ये एक संस्था उभी केली की काय फरक पडतो, हे बाजार समितीतल्या एखाद्या जुन्या माथाडीला विचारावं. कारखान्यातल्या ठेक्याच्या कामगारालाही असं मंडळ मिळावं ही माझी फार दिवसांची इच्छा आहे, आणि ती मी प्रत्येक सभेत बोलून दाखवते.

६. कामगार अधिकारी वेगळे, आदेश देणारे प्राधिकारी वेगळे

हा फरक न कळल्यामुळे कितीतरी महिने वाया जातात. कामगार अधिकाऱ्यांकडे तक्रार केली की ते दोन्ही बाजूंना बोलावतात, समजूत घालतात, कंपनीत जाऊन तपासणी करू शकतात. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात, कारण सरकारी पत्र आलं की छोटा मालक हलतो. पण मालक आलाच नाही किंवा येऊन नुसती तारीख मागत राहिला, तर तिथे किती काळ बसायचं हे आपण ठरवायचं. पगार द्या असा बंधनकारक आदेश काढण्याचा अधिकार वेतन संहितेखाली नेमलेल्या प्राधिकाऱ्यांना असतो, आणि त्यांच्यापुढे वेगळा दावा दाखल करावा लागतो.

दावा कामगार स्वतः करू शकतो, तो सभासद असलेली नोंदणीकृत युनियन करू शकते, निरीक्षकही करू शकतात. एका आस्थापनेतल्या कितीही जणांचा मिळून एकच अर्ज चालतो. महिनावार तक्ता जोडावा: महिना, कामाचे दिवस, ओव्हरटाइमचे तास, दर, मिळाले किती, येणे किती. ओव्हरटाइमचा दर दुप्पट धरायचा, तो सिंगल दराने लावलेला असेल तर फरकही थकबाकीच आहे. किमान वेतनापेक्षा कमी पगार असेल तर तो फरकही याच तक्त्यात.

मुदत हा नव्या कायद्यातला सगळ्यात चांगला बदल. पूर्वी थकलेल्या पगारासाठी बारा महिन्यांत आणि किमान वेतनाच्या फरकासाठी सहा महिन्यांत अर्ज करावा लागे. उशिराचं सबळ कारण दाखवून माफी मागता येई, पण ती मिळेलच याची खात्री नसे. आता तीन वर्षं आहेत. संहिता लागू होण्याआधीची थकबाकी असेल तर मुदतीचा प्रश्न जाणकाराला दाखवून मगच अर्ज लिहावा. प्राधिकाऱ्यांनी शक्यतो तीन महिन्यांत निकाल द्यावा आणि मूळ रकमेशिवाय दहा पटीपर्यंत भरपाई देता यावी, असंही संहितेत आहे. दहा पट मिळालेली मी पाहिलेली नाही. पण अर्जात भरपाई मागावी. न मागितलेली रक्कम कुणी आपणहून देत नाही.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून घरी बसू नये. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत वकील मिळतो, आणि या सगळ्यांना उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा त्यांचा फोन नंबर. घरकाम करणाऱ्या बायकांसाठी तर हे दार मी सगळ्यात आधी सुचवते. त्यांच्याकडे मस्टर नसतं, स्लिप नसते. प्राधिकरणाने दोन्ही बाजूंना बोलावून समेट घडवला तर तारखांची पायपीट वाचते, आणि लोकअदालतीत झालेल्या तडजोडीवर अपील होत नाही.

ज्यांच्या कंपनीत युनियनचा करार आहे आणि कराराप्रमाणे वाढ किंवा फरक मिळालेला नाही, त्यांचा रस्ता थोडा वेगळा आहे. औद्योगिक विवाद कायद्याच्या काळात असे लोक कलम ३३-क (२) खाली कामगार न्यायालयात रक्कम ठरवून मागत. त्या अर्जाला मुदतीचं बंधन नाही, असं सुप्रीम कोर्टाने मुंबईच्याच गॅस कंपनीच्या एका खटल्यात ठरवलं होतं. आता ती तरतूद औद्योगिक संबंध संहितेत गेली आहे. हे काम युनियनच्या जाणत्या माणसाला किंवा वकिलाला बरोबर घेऊनच करावं.

७. रागाच्या भरात मशीन बंद करू नका

पगार नाही तर काम नाही, हे न्यायाचंच बोलणं आहे, आणि ते ऐकून माझंही रक्त उसळतं. पण दहा किंवा त्याहून जास्त जण मिळून, करारातल्या अटीप्रमाणे सूचना न देता आणि वाजवी कारणाशिवाय गैरहजर राहिले, तर मालकाला आठ दिवसांपर्यंतचा पगार कापायची वाट कायद्याने ठेवलेली आहे. थकलेला पगार हे वाजवी कारण आहे असं आपण म्हणू, पण ते म्हणण्यासाठी आधीचे लेखी अर्ज हातात हवेत. औद्योगिक संबंध संहितेत संपासाठी चौदा दिवसांची नोटीस आता सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना लागू आहे, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून रजा टाकली तर तोही संप धरला जातो. नोटीस द्या, मुदत मोजा, मग काय ते करा. ज्याचा पगार थकलाय त्याच मालकाला आपल्याविरुद्ध एक केस आयती देऊ नये.

८. मालकाने चेक दिला तर तो सांभाळा

वटला नाही तरीही. उलट तेव्हा जास्तच. पगार थकल्याची तक्रार घेऊन पोलिसांत गेलं की ‘हा दिवाणी मामला आहे’ असं ऐकून परत यावं लागतं. चेक परत आला की मात्र निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८खाली फौजदारी तक्रार करता येते. बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोचल्यापासून पंधरा दिवस वाट, आणि त्यानंतर एका महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. या तारखा चुकवू नयेत.

पीएफचंही असंच. पगारातून कापलेला पीएफ भरलाच नसेल तर तो विश्वासघाताचा गुन्हा ठरतो, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६मध्ये त्याचा खुलासा आहे. तीन महिन्यांतून एकदा तरी पासबुक उघडून पाहावं. पगार थकायच्या आधी पीएफ थकतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

९. उचल फिटली नाही म्हणून सगळा पगार कापता येत नाही

वीटभट्टीवर, ऊसतोडीत आणि आता बांधकामावरही मुकादम आधी उचल देतो आणि हंगामाच्या शेवटी हिशेब काढतो. त्या हिशेबात मजूर नेहमी देणेकरीच निघतो. पगारातली एकूण कपात निम्म्यापेक्षा जास्त असू शकत नाही. आगाऊ रक्कम वसूल करायची तर त्या मर्यादेत राहून. आणि उचल फिटेपर्यंत माणसाला जागा सोडू देत नसतील, तर हा विषय पगाराच्या पुढे गेलेला असतो. १९७६च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असं कर्जच संपुष्टात येतं. तक्रार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायची आणि मुक्ततेचा दाखला मागायचा. किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणं हे राज्यघटनेच्या कलम २३मध्ये बंदी असलेलं सक्तीचं काम आहे, असं सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये, दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू असताना सांगितलं. वीटभट्टीवरच्या कातकरी कुटुंबांबरोबर अशा अर्जाला जाल तेव्हा त्यांची भांडीकुंडी आणि मुलं भट्टीवर मागे राहणार नाहीत, हे आधी बघा.

१०. कंपनी एनसीएलटीत गेली की तिथेही अर्ज करावा लागतो

कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत, म्हणजे एनसीएलटी या न्यायाधिकरणापुढे, गेली की बाकीचे दावे आणि वसुली थांबतात. अनेकांना वाटतं, आपली नावं कंपनीच्या पुस्तकात आहेतच, मिळेल तेव्हा मिळेल. तसं होत नाही. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते, तिच्यात मुदत असते आणि नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ‘फॉर्म डी’मध्ये पुराव्यासह दावा भरावा लागतो. युनियनला सगळ्यांच्या वतीनेही तो भरता येतो. कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली, तर कामगारांची आधीच्या चोवीस महिन्यांची देणी तारण सोडून दिलेल्या बँकांच्या बरोबरीने येतात. कामगार या व्याख्येत न बसणाऱ्या इतर कर्मचाऱ्यांची बारा महिन्यांची, त्यांच्या खालोखाल. पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या फंडातल्या रकमा तर या वाटपाच्या बाहेरच ठेवलेल्या आहेत. काळ मात्र फार जातो. जेट एअरवेजची विमानं एप्रिल २०१९मध्ये थांबली आणि तिची मालमत्ता विकून देणी भागवा, असा सुप्रीम कोर्टाचा आदेश आला नोव्हेंबर २०२४मध्ये.

११. आदेश हातात आला की वसुलीचं काम सुरू होतं

मालकाने आदेशाप्रमाणे पैसे भरले नाहीत, तर प्राधिकारी जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुली दाखला पाठवतात आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. प्रत्यक्षात तो कागद तहसील कार्यालयात जातो आणि तिथे इतर कागदांच्या ढिगात पडतो. आवक क्रमांक मिळवावा आणि दर पंधरवड्याला जाऊन तो क्रमांक सांगून विचारावं. त्याच वेळी मालमत्तेची यादी आपणच लिहून द्यावी: शेडचा प्लॉट कुणाच्या नावावर आहे, कुठली मशिनं आहेत, गाड्यांचे नंबर, पगार ज्या खात्यातून यायचा त्या बँकेचं नाव (ते आपल्याच पासबुकात सापडतं), आणि कुठल्या मोठ्या कंपनीकडे मालकाचं बिल येणं आहे. मशिनं रात्रीतून हलवली जातात, म्हणून ही यादी निकालाची वाट न पाहता सुनावणी चालू असतानाच तयार ठेवावी. जप्तीला महसूलची माणसं येतील त्या दिवशी आपल्यातल्या दोघांनी सुट्टी काढून तिथे उभं राहावं. शेडमधलं कुठलं मशीन मालकाचं आणि कुठले मोल्ड पार्टीने जॉबवर्कसाठी ठेवलेले, हे त्यांना सांगता येत नाही. ते मशीन रोज चालवणाऱ्यालाच सांगता येतं.